उपनगरांतील नवी शहरे आणि आपल्या जुन्या पेठा

यंदाच्या स्मरणिकेसाठी धंद्याशी निगडित अशा एखाद्या विषयावर चार शब्द लिहावेत, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा आम्हांस विषय शोधीत बसावे लागले नाही. आपल्या सभासदांपैकी पुष्कळांची दुकाने, पेढ्या आणि वखारी गावाच्या मध्यवस्तीतील जुन्या पेठांत आहेत. बेळगाव असो, इंदूर असो, बडोदे असो की हैदराबाद असो, मालमोटार पेठेत शिरत नाही, शिरली तर बाहेर निघत नाही, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. आणि तिच्या पाठोपाठ 'घाऊक बाजार गावाबाहेर न्यावा' ही सूचनाही येते. मग व्यापाऱ्यांत दोन तट पडतात. एक म्हणतो, वडिलार्जित जागा सोडून माळावर जाणे म्हणजे हाताने धंदा बुडविणे होय. दुसरा म्हणतो, आज गेलो नाही तर उद्या जागा मिळणार नाही. दोन्ही बाजूंस थोडेबहुत सत्य आहे. यास्तव मोठ्या शहरांच्या उपनगरांत नवी शहरे कशी उभी राहिली, त्यांत बाजाराचा वाटा किती, आणि त्यात कोणाचे साधले व कोणास सोसावे लागले, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे. आम्ही शिक्षणाने केवळ मॅट्रिक. नगररचनाशास्त्र हा आमचा विषय नव्हे. परंतु चाळीस वर्षे भुसार मालाचा घाऊक व्यापार करताना जे पाहिले आणि वाचनात जे आले, ते व्यापारी बंधूंपुढे ठेवीत आहोत.

निजण्याचे उपनगर आणि कमाईचे उपनगर

उपनगर हा शब्द आपण सरसकट वापरतो. पण त्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारच्या उपनगरात माणसे केवळ राहावयास जातात. घरे होतात, शाळा होते, किराणा-भाजीची दुकाने निघतात. पण सकाळ झाली की कर्ता पुरुष आणि आता पुष्कळदा कर्ती स्त्रीही डबा घेऊन मूळ शहराकडे निघते व रात्री परतते. दुसऱ्या प्रकारच्या उपनगरात पोट भरण्याचे साधन तेथेच असते. कचेऱ्या, कारखाने, बाजार, बँका तेथे असल्याने बाहेरची माणसे सकाळी तेथे येतात. या दुसऱ्या प्रकारासच उपनगरातील शहर हे नाव शोभते.

अमेरिकेत या दुसऱ्या प्रकाराची वाढ फार झाली. जोएल गॅरो या पत्रकाराने १९९१ साली 'एज सिटी', म्हणजे काठावरचे शहर, या नावाचे पुस्तक लिहिले. त्याने घालून दिलेल्या कसोट्यांपैकी एक मोठी मार्मिक आहे : त्या जागी निजण्याच्या खोल्यांपेक्षा नोकऱ्या अधिक असल्या पाहिजेत. त्याचे ठळक उदाहरण म्हणजे वॉशिंग्टनजवळचे टायसन्स कॉर्नर. एके काळी तो केवळ एक चौरस्ता होता. तेथे प्रचंड दुकानसंकुले व कचेऱ्या झाल्या. पण सारी रचना मोटारगाडीच्या भरवशावर केली गेली, आणि मेट्रो रेल्वे तेथे पोहोचावयास २०१४ साल उजाडले. काम आधी गेले व वाहतूक मागाहून गेली, तर काय होते याचा तो नमुना आहे.

कमाईचे उपनगर का हवे, हे व्यापाऱ्यास एका दृष्टांताने समजते. आपली मालमोटार माल भरून मुंबईस गेली आणि रिकामी परत आली, तर भाडे दुप्पट पडते. परतीचा माल मिळाला तर दोन्ही फेऱ्यांचे सार्थक होते. मुंबईची लोकल गाडी ही वर्षानुवर्षे अशीच एका बाजूने भरून जात असे आणि दुसऱ्या बाजूने रिकामी धावत असे. सकाळी सर्व लोंढा दक्षिणेस, सायंकाळी सर्व लोंढा उत्तरेस. कितीही गाड्या वाढविल्या तरी निम्मी शक्ती वाया जाते. कामधंद्याचे एखादे केंद्र दुसऱ्या टोकास नेले, तर त्याच गाड्यांस परतीचा माल मिळतो. उपनगरांत शहरे वसविण्यामागचे मुख्य अर्थशास्त्र एवढेच आहे.

खाडीपलीकडची कल्पना

मुंबईचा आकार लांबट व चिंचोळा. तिन्ही बाजूंनी पाणी आणि कामाचे ठिकाण अगदी दक्षिण टोकास. शहराचा भार हलका करण्यासाठी ठाण्याची खाडी ओलांडून पूर्वेकडे गेले पाहिजे, हा विचार स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने १९५९ साली मांडला व खाडीवर पूल बांधण्याची शिफारस केली. पुढे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीने १९६६ साली उद्योगधंद्यांच्या नियोजित विकेंद्रीकरणाचा आग्रह धरला. याच सुमारास, १९६५ साली, चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी 'मार्ग' या नियतकालिकातून खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याची योजना लोकांपुढे ठेवली. ती शासनाने स्वीकारली आणि मार्च १९७० मध्ये 'सिडको' या महामंडळाची स्थापना झाली. ठाणे, पनवेल व उरण या भागांतील पंचाण्णव गावांचा सुमारे ३४४ चौरस किलोमीटर प्रदेश या कामी नेमून देण्यात आला.

१९७३ च्या सुमारास खाडीवर मोटारींचा पूल झाला. वाशीस पहिल्या वसाहती उभ्या राहिल्या. तथापि, पहिली पंधरा-वीस वर्षे नवी मुंबई ही पहिल्या प्रकारचेच, म्हणजे निजण्याचे उपनगर होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावर कारखाने होते खरे. पण कारखान्याने वसाहत होते, शहर होत नाही. शहरास अनोळखी माणसांची ये-जा लागते आणि ती ये-जा बाजाराने होते.

दाणाबंदराचे स्थलांतर

१९८० च्या दशकात डाळी व गुळाच्या सौद्यांनिमित्त आम्ही मुंबईच्या दाणाबंदरास जात असू. मशीद बंदर स्थानकावर उतरले की नाकास प्रथम मसाल्यांचा, नंतर बारदानाचा आणि मग धान्याच्या धुळीचा वास येई. नाव बंदराचे, कारण एके काळी माल गलबतांतून व पुढे आगगाडीच्या वाघिणींतून येथेच उतरे. त्या काळी ती जागा सर्वथा योग्य होती. पुढे माल मालमोटारींनी येऊ लागला आणि तीच जागा अयोग्य झाली. गल्ल्या हातगाडीच्या मापाच्या. मालमोटार दूर उभी करून गोणी हमालाच्या पाठीवरून व हातगाडीवरून वखारीत न्यावी लागे. एका गोणीस तीन वेळा हात लागे, आणि प्रत्येक हाताची मजुरी अखेर गिऱ्हाइकाच्या भाकरीवर पडे.

इतकी गैरसोय असूनही व्यापारी हलत का नव्हते, हे समजून घेतले पाहिजे. बाहेरच्या माणसास वाटते की व्यापारी हट्टी आहेत. वस्तुतः भाव हा एका दुकानात ठरत नसतो. खरेदीदार दहा दुकानांत मूठमूठ नमुना तळहातावर घेऊन पाहतो, दलाल इकडची बोली तिकडे नेतो, दोन तासांत त्या दिवसाचा भाव निघतो. दुकाने एकमेकांस लागून असणे हेच बाजाराचे भांडवल आहे. अशा स्थितीत जो एकटा प्रथम बाहेर जातो तो गिऱ्हाईक गमावतो, आणि जो मागे राहतो तो गेलेल्याचे गिऱ्हाईक मिळवितो. म्हणून प्रत्येक जण शेजाऱ्याकडे पाहत बसतो. सर्वांना जावेसे वाटले तरी कोणीही जात नाही. ही कोंडी एकेकट्या व्यापाऱ्याने सुटत नाही. त्यास सर्वांना लागू असा नियम व ठरलेला दिवस लागतो.

मुंबईत हे काम बाजार समितीच्या कायद्याने केले. महाराष्ट्राचा कृषी उत्पन्न खरेदी-विक्रीचा कायदा १९६३ चा. मुंबईची बाजार समिती १९७७ साली स्थापन झाली. समितीने वाशीलगत तुर्भे येथे आवारे बांधली आणि एकेक माल क्रमाने हलविला. १९८० च्या दशकाच्या आरंभी कांदा-बटाटा गेला. १९९० च्या आसपास मसाल्याचा व धान्याचा बाजार गेला. १९९६ साली भाजीपाला व फळे गेली. प्रत्येक जिनसाचा बाजार एकदम हलविल्यामुळे भाव ठरण्याची जागा मोडली नाही, ती जशीच्या तशी उचलली गेली. लोखंड-पोलादाचा बाजार कर्नाक बंदराहून कळंबोलीकडे नेण्याचेही याच धोरणातून ठरले.

नव्या आवारात रस्ते रुंद, मालमोटार थेट गाळ्याच्या धक्क्यास लागते, वर पेढी व खाली वखार. गंमत अशी की धान्याच्या त्या आवारास लोक आजही 'दाणाबंदर' म्हणतात. तेथे ना बंदर, ना गलबत. पण व्यापाऱ्यांनी नाव सोबत नेले. नाव जाते तेव्हा पतही जाते. जुन्या दाणाबंदरावर ज्या पेढीची जबान चालत असे, तिचीच जबान तुर्भ्यासही चालली, म्हणून बाहेरगावच्या आम्हां मंडळींस नव्या जागी नव्याने ओळख करून घ्यावी लागली नाही.

उशीर कोठे झाला

स्थलांतर यशस्वी झाले याचा अर्थ ते सुखाचे झाले असा नाही. पहिल्या वर्षांत तेथे गेलो असता एक गोष्ट ठळकपणे जाणवे : दुपारी चारनंतर प्रत्येक जण घड्याळाकडे पाही. मुनीम, गुमास्ते मुंबईच्या दूरदूरच्या भागांत राहणारे. परतीची बस चुकली तर घरी पोहोचावयास रात्र होई. आगगाडी नव्हती. मानखुर्दहून खाडी ओलांडून वाशीस रेल्वे आली ती मे १९९२ मध्ये, म्हणजे सिडकोच्या स्थापनेनंतर बावीस वर्षांनी; आणि त्या खर्चाचा सुमारे दोनतृतीयांश वाटा सिडकोस उचलावा लागला. धान्य व मसाल्याच्या व्यापाऱ्यांस आगगाडीची वाट थोडाच काळ पाहावी लागली. कांदा-बटाट्याच्या व्यापाऱ्यांनी मात्र जवळजवळ दहा वर्षे तशीच काढली. ठाण्याहून तुर्भेमार्गे वाशीस येणारा रेल्वेमार्ग २००४ साली सुरू झाला. रेल्वे आल्यावर मात्र दृश्य झपाट्याने पालटले. वाशी स्थानकाच्या इमारतीतच कचेऱ्या निघाल्या, बँका आल्या, खाणावळी आल्या, गुमास्त्यांनी जवळपास घरे घेतली. १ जानेवारी १९९२ पासून स्वतंत्र महानगरपालिका काम करू लागली, आणि २०११ च्या जनगणनेत तिच्या हद्दीत अकरा लाखांवर लोकवस्ती भरली.

दुसरा उशीर खुद्द शासनाचा. नव्या शहराच्या मूळ कल्पनेत राज्यकारभाराच्या कचेऱ्या खाडीपलीकडे न्याव्यात, हा मुख्य मुद्दा होता. कारण राज्यकर्ता गेला की त्याच्यामागे हजारो माणसांस जावेच लागते. तसे घडले नाही. बेलापूरला कोकण भवन झाले. परंतु मंत्रालय जागचे हलले नाही, आणि १९८१ साली विधानभवनाची नवी इमारत उभी राहिली ती दक्षिण मुंबईत, नरिमन पॉइंटला. ज्या दशकात कांदा-बटाट्याच्या अडत्यास 'खाडीपलीकडे जा' असे सांगण्यात आले, त्याच दशकात सांगणारे मात्र समुद्राकाठीच राहिले. आम्ही हे कटुतेने लिहीत नाही. परंतु बेलापूरच्या मध्यवर्ती व्यापारी भागास भरभराट येण्यास जो विलंब लागला, त्याचे एक कारण येथे आहे, असे आमचे नम्र मत आहे. गोणी, हमाल व तराजू यांच्या बळावर तुर्भ्याचा बाजार त्याआधीच गजबजला होता.

ज्यांची जमीन आणि ज्यांचे खांदे

नवे शहर रिकाम्या जागेवर वसते, असा शहरी माणसाचा समज असतो. रिकामी जागा कोठेच नसते. खाडीकाठच्या आगरी, कोळी व इतर शेतकऱ्यांची भातशेते, मिठागरे व मासेमारी यांवर ही वसाहत उभी राहिली. भरपाई अपुरी, म्हणून मोठे आंदोलन झाले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात झालेल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जणांनी प्राण गमावले. त्या लढ्यातूनच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकास परत देण्याचे तत्त्व पुढे आले. हे तत्त्व पहिल्या दिवशीच मान्य झाले असते, तर किती दुःख टळले असते! आपल्या गावाबाहेर बाजाराचे आवार होईल, तेव्हा त्या जमिनीवर आज कोण नांगर धरून उभा आहे, हा प्रश्न व्यापाऱ्यांनीही विचारला पाहिजे. ज्याच्या शेतावर आपला गाळा उभा राहणार, तो शेजारी सुखी नसेल तर गाळाही सुखी राहत नाही.

दुसरा वर्ग हमालांचा. मुंबईच्या बाजारातील माथाडी कामगार मोठ्या संख्येने सातारा, सांगली, पुणे या जिल्ह्यांतून आलेले. अण्णासाहेब पाटील यांनी त्यांची संघटना बांधली आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. बाजार हलला तेव्हा या माणसांस काम तेथे आणि बिऱ्हाड मुंबईच्या चाळीत, अशी कसरत करावी लागली. पुढे कोपरखैरणे, घणसोली आदी भागांत माथाडी कामगारांसाठी घरकुले झाली आणि त्यांची मुले तेथील शाळांत शिकून वर आली. आमच्या मते नवी मुंबई खऱ्या अर्थाने शहर झाली ती येथे. मालक मोटारीने येऊन जाऊ शकतो. हमाल जेथे कुटुंबासह राहतो तेथेच बाजाराची मुळे धरतात.

इतर शहरांचे दाखले

हा अनुभव मुंबईचाच आहे असे नाही. पॅरिस शहराच्या अगदी मध्यभागी बाराव्या शतकापासून 'ले आल' हा अन्नधान्याचा, भाजी-फळांचा प्रचंड बाजार भरत असे. तेथेही गल्ल्या अरुंद आणि गाड्या फार. मार्च १९६९ मध्ये तो शहराच्या दक्षिणेस, ओर्ली विमानतळाजवळील रुंजिस येथे हलविण्यात आला. थोड्या दिवसांत बहुतेक सारा बाजार एकदम उठला. मांसाचा बाजार मागाहून, १९७३ साली गेला. महामार्ग व आगगाडी यांची जोड असल्याने रुंजिस आज जगातील मोठ्या घाऊक बाजारांपैकी एक गणला जातो. मात्र जुन्या जागेवरील सुंदर लोखंडी मंडया पाडल्या गेल्या आणि तेथे कित्येक वर्षे मोठा खड्डा पडून होता. लंडनकरांनी अधिक शहाणपण दाखविले. कॉव्हेंट गार्डनचा घाऊक बाजार १९७४ साली नाइन एल्म्सला नेल्यावर त्यांनी जुनी इमारत राखली आणि १९८० साली किरकोळ दुकानांसाठी खुली केली.

आपल्या देशात मद्रासचे, म्हणजे आजच्या चेन्नईचे, उदाहरण पाहण्यासारखे आहे. जॉर्ज टाउनमधील कोत्तवाल चावडीचा भाजीबाजार १९९६ साली कोयंबेडू येथे गेला. तेथे २००२ साली बाहेरगावच्या बसगाड्यांचे मोठे स्थानक झाले आणि २०१५ साली मेट्रो आली. बाजार, बस व रेल्वे यांची अशी एकामागून एक भर पडत गेल्यामुळे तो भाग शहराचे एक नवे केंद्र झाला.

याउलट नुसती इमारत पुरत नाही, हे सुरतेने दाखविले. डिसेंबर २०२३ मध्ये शहराबाहेर हिरेबाजाराच्या भव्य वास्तूचे उद्घाटन झाले. सुमारे साडेचार हजार कचेऱ्यांची ती सोय. बांधकामाबाबत बोट ठेवावयास जागा नाही. परंतु महिधरपुरा व वराछा येथील जुने बाजार चालूच राहिले, सर्वांनी एका दिवशी जाण्याचे बंधन नव्हते, आणि पहिल्या वर्षी थोड्याच कचेऱ्यांची कुलुपे उघडली. प्रथम गेलेल्यांपैकी काहींस परत फिरावे लागले. मुंबईचा हिरेबाजार २०१० साली ऑपेरा हाउसकडून वांद्रे-कुर्ला संकुलात गेला, तोही सावकाशच रुळला; पण त्या संकुलात बँका, कचेऱ्या व वाहतूक यांची बैठक हळूहळू जमत गेली होती. सुरतेचेही पुढे चांगले होईल अशी आशा आहे. मात्र एकट्याने आधी जाणाऱ्यास किती सोसावे लागते, हे वर सांगितलेले सूत्र तेथे तंतोतंत दिसले.

पुण्याचा दाखला आणखी वेगळा. नाना-भवानी पेठांतील भुसार बाजार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला तेव्हा तो गावाबाहेर गेला असे सर्वांस वाटले. आज मार्केट यार्ड भर वस्तीत आहे आणि तेथील वाहतुकीची तीच ओरड पुन्हा सुरू झाली आहे. बाजाराने शहर खेचून आणले आणि शहराने बाजारास वेढले. नवी मुंबईतही हेच चक्र दिसते. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला, त्याच वेळी उरणपर्यंत लोकल गाडी गेली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये नव्या विमानतळावरून विमाने उडू लागली. एके काळचा काठ आता मध्य होऊ पाहत आहे.

आपल्या पेठांसाठी बोध

आमच्या बेळगावात रविवार पेठेत किराणा-भुसाराचा घाऊक व्यापार पूर्वापार चालत आला आहे. भाजीपाल्याचे मात्र नुकतेच पाहिले. घाऊक भाजीबाजार २०१९ साली बाजार समितीच्या आवारात गेला. २०२२ साली महामार्गानजीक दुसरा, खासगी भाजीबाजार निघाला, आणि व्यवहार दोन ठिकाणी वाटला गेला. पुढे आंदोलने झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. कोणाची बाजू बरोबर, हे सांगण्याचा येथे हेतू नाही. परंतु शेतकऱ्यास भाव पाहण्यासाठी दोन टोकांस जावे लागले, हे सर्वांनी पाहिले. मोडलेला बाजार जुन्या जागीही पुरा राहत नाही आणि नव्या जागीही पुरा भरत नाही.

या सर्वांवरून जे समजले ते थोडक्यात मांडतो.

१. जावयाचे तर एका जिनसाच्या सर्व व्यापाऱ्यांनी मिळून, ठरल्या दिवशी जावे. ज्यास जावयाचे त्यांनी जावे व राहावयाचे त्यांनी राहावे, अशी मोकळीक वरवर उदार दिसते. पण तिने दोघांचाही धंदा दुबळा होतो.

२. रस्ता, बस अथवा रेल्वे, पाणी, बँक, टपाल, उपाहारगृह व स्त्री-पुरुषांसाठी स्वच्छतागृहे ही गाळ्यांच्या आधी नसली तरी गाळ्यांबरोबर असली पाहिजेत. 'बाजार भरला की सोयी आपोआप होतील' हे आश्वासन स्वीकारू नये. वाशीच्या रेल्वेस बावीस वर्षे लागली, हे लक्षात ठेवावे.

३. हमाल, तोलार, गाडीवान आणि दिवाणजी यांची राहण्याची व्यवस्था योजनेत प्रथमच मागून घ्यावी. त्यांच्यासाठी मागताना आपण दान करीत नाही. आपल्याच बाजाराचा पाया घालतो.

४. जमीन ज्याची गेली, त्यास विकसित जमिनीत वाटा व बाजारात काम मिळावे.

५. गाळा धंद्यासाठी घ्यावा. भाव चढेल म्हणून गाळा घ्यावयाचा, कुलूप लावावयाचे व धंदा जुन्या पेठेत चालू ठेवावयाचा, हा मोह फार जणांस होतो. चार गाळे उघडे व सोळा बंद असलेल्या आवारात गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. ठरावीक मुदतीत न उघडलेला गाळा परत घेण्याची अट व्यापारी संघाने स्वतःहून सुचवावी.

६. जुनी पेठ ओस पडू देऊ नये. घाऊक माल बाहेर गेला तरी किरकोळ व्यापार, पेढीची नमुन्याची खोली व छोटे धंदे यांस ती जागा उत्तम आहे. मालमोटारींचा भार उतरल्यावर पेठ अधिक प्रसन्न होते.

७. आज जे गावाबाहेर आहे ते तीस-चाळीस वर्षांत गावात येईल, असे धरूनच जागा निवडावी. भोवती मोकळी जमीन राखावी आणि मालमोटारींचा रस्ता वस्तीच्या रस्त्यापासून प्रथमपासून वेगळा ठेवावा.

एक शंका तरुण सभासद हल्ली विचारतात, तिचाही उल्लेख करतो. भाव दूरध्वनीवर कळतो, नमुन्याचे छायाचित्र क्षणात येते, पैसे घरबसल्या पाठविता येतात. मग एका जागी बाजार हवाच कशाला? शिवाय महाराष्ट्रात २०१६ पासून फळे-भाजीपाल्यावरील बाजार समितीचे नियमन उठले आहे आणि पुष्कळ माल आवारात न येता थेट जातो. प्रश्न योग्य आहे. बाजाराचे काही काम अशा रीतीने कमी झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि, डाळीचा ओलावा हातास कळतो, छायाचित्रास कळत नाही. तंटा झाला तर पाच जाणते व्यापारी गोणीभोवती उभे राहून जो निवाडा देतात तो अद्याप कोणत्याही यंत्रास साधलेला नाही. आणि नवख्या माणसास उधारी द्यावयाची की नाही, हे शेजारच्या पेढीवर बसूनच ठरते. जोवर व्यापार पतीवर चालतो तोवर माणसांस एकत्र बसावयास जागा लागणार. ती पूर्वीइतकी मोठी नसेल. पण लागेल खास.

आपले पूर्वज या गावांत आले तेव्हा हीच पेठ कोणाच्या तरी दृष्टीने गावाबाहेर होती. त्यांनी तेथे प्रथम दुकान मांडले, मग विहीर खणली, धर्मशाळा बांधली, शाळेस वर्गणी दिली. आणि माळाची पेठ झाली. नव्या आवारात जाण्याचा प्रश्न आपल्यापुढे येईल तेव्हा 'मला गाळा किती फुटांचा?' हा प्रश्न अवश्य विचारावा. पण त्याबरोबरच पाण्याचा, शाळेचा आणि हमालाच्या घराचा प्रश्नही त्याच बैठकीत, त्याच आवाजात विचारावा. आपल्या संघाने या दृष्टीने एक छोटी समिती नेमून शासनाकडून व नगरसंस्थांकडून योजना येण्यापूर्वीच आपल्या मागण्या लिहून ठेवाव्यात, अशी सूचना करून हा लेख पुरा करतो.